जान, जमीन आणि सावकार

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीच्या धरणाचं काम चालू होतं. त्या दिवशी बाराशेच्या आसपास माणसं तिथं गेली आणि खोदकामाच्या जागेत ठाण मांडून बसली. काम बंद पडलं. धरणाला विरोध करणारं जगातलं पहिलं संघटित आंदोलन म्हणून मुळशीच्या सत्याग्रहाचं नाव घेतलं जातं. राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी त्यावर मराठीत आणि पुढं इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्रजी पुस्तकाच्या नावातच हा पहिलेपणा आहे.

मला मात्र या घटनेतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दिवशी तिथं बसलेल्या माणसांना आपण सवयीनं 'जनता' म्हणतो. पण जवळून पाहिलं तर त्या गर्दीत निदान चार प्रकारचे लोक होते. स्वतःची चार खाचरं असलेला मावळा होता. दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारं कूळ होतं. पुण्याहून आलेला, खादी घातलेला कार्यकर्ता होता. आणि ज्यांची जमीन या खोऱ्यात होती पण वाडा पुण्यात होता, अशा सावकारांचा पाठिंबा या सगळ्यांमागं उभा होता. धरण होऊ नये असं त्या दिवशी सगळेच म्हणत होते. पण धरण झालं तर प्रत्येकाचं काय जाणार, याची उत्तरं चार होती. पुढच्या साडेतीन वर्षांत जे घडलं ते या चार उत्तरांमुळं घडलं, असं माझं म्हणणं आहे.

हे खोरं कुठलं, ते आधी पाहू. आज हिंजवडीला लागून असलेलं, उंच इमारतींनी भरत चाललेलं मारुंजी हे गाव महसुली नकाशावर मुळशी तालुक्यात येतं. तालुक्याचं ठाणं पौड. मारुंजी तालुक्याच्या पूर्वेच्या, सपाटीच्या टोकाला. तिथून पश्चिमेला निघालं की डोंगर जवळ येत जातात, पाऊस वाढत जातो, ज्वारीची जागा भात घेतो आणि शेवटी सह्याद्रीच्या कड्याशी धरणाचं पाणी लागतं. या खोऱ्यातल्या आंबेमोहोराचं पुण्याच्या बाजारात नाव होतं. कड्याखाली कोकण. वर पडलेला पाऊस कोकणात उतरवला तर एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर वीज करता येते, हे जमशेटजी टाटांच्या काळापासूनचं गणित. लोणावळ्याच्या तलावांवर खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. त्यानंतर आंध्रा खोऱ्याची योजना आली. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली ती मुळशीसाठी. वीजघर कोकणात भिऱ्याला, वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं या योजनेच्या वाटेत येत होती.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सरकारशी बोलणं झालं होतं, मंजुरी मिळाली होती, आणि गावकऱ्यांना पत्ता लागला तो शेतात चाचणीचे चर खणले जाऊ लागले तेव्हा. सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता. या कायद्यात मालकाला मोबदल्याच्या रकमेवर भांडता येत असे, पण 'जमीन देणार नाही' हे म्हणण्याची सोय नव्हती. मतदानाचा हक्क मूठभरांना. कलेक्टर बोलेल तो शब्द शेवटचा. दडपशाहीचं राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाठ्या आणि गोळ्या येतात. मुळशीत पोलीस होतेच, पण दडपशाहीचं मुख्य हत्यार कागद होता.

अशा राज्यात माणूस विरोधाला उभा का राहतो? याचं सरळ उत्तर असं दिलं जातं की अन्याय असह्य झाला म्हणून. हे उत्तर अपुरं आहे. अन्याय सहन करणारे पुष्कळ असतात, उठणारे थोडे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डग मॅकअॅडम यांनी १९८० च्या दशकात या प्रश्नाचा एका नामी जागी शोध घेतला. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात काळ्या नागरिकांची मतदार म्हणून नोंदणी करायला उत्तरेतले विद्यार्थी जाणार होते. काम जिवावरचं होतं, आणि सुरुवातीलाच तिघा कार्यकर्त्यांचे खून झाले. हजाराच्या आसपास विद्यार्थ्यांची निवड झाली होती. त्यातले बरेचसे गेले, काहींनी ऐन वेळी माघार घेतली. मॅकअॅडम यांना दोघांचेही जुने अर्ज मिळाले. तत्त्वनिष्ठेत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो ओळखीपाळखीत. जे गेले त्यांचे जवळचे मित्रही जात होते, आणि ते आधीपासून कुठल्या ना कुठल्या संघटनेत होते. माघार घेणारे तुलनेनं एकटे होते.

म्हणजे धोका जितका मोठा तितका माणूस आपल्या माणसांकडं बघतो. तो जाणार का? मग मी येतो. मी तुरुंगात गेलो तर माझी गुरं कोण बघेल? मी माघार घेतली तर उद्या पारावर मला कोण काय म्हणेल? या प्रश्नांची उत्तरं कुठल्या भाषणात नसतात. ती नातेवाइकांत, भाऊबंदांत, तालमीत, भजनी मंडळात, युनियनमध्ये असतात. सरकारलाही हे ठाऊक असतं. म्हणून हुशार सरकार आंदोलनाशी लढण्याआधी आंदोलनातले सांधे शोधतं.

पुणे जिल्ह्यातच याचं एक जुनं आणि फार बोलकं उदाहरण आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकारानं कर्जदाराच्या घरावर हुकूमनामा बजावून घर पाडायला घेतलं. गाव चिडलं. पण गावानं दगड उचलला नाही. सावकाराची हजामत करायची नाही असं न्हाव्यानं ठरवलं, परटानं कपडे धुवायचे थांबवले, पाणी भरणाऱ्यानं पाणी बंद केलं. त्याच्या दुकानात कुणी जाईना, त्याच्या शेतावर कुणी राबेना. हा बहिष्कार आजूबाजूच्या गावांत पसरला. त्याच प्रक्षोभाचं पुढचं टोक म्हणजे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या. इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाबाबतचा कायदा आणावा लागला.

करड्याच्या बहिष्काराचं रूप कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. बलुतेदारी गावात होतीच. कोण कुणाचं काय काम करतो आणि त्याबद्दल काय घेतो, याचं जाळं पिढ्यान्‌पिढ्या विणलेलं होतं. त्या जाळ्यातून एका माणसाला बाहेर काढलं की बहिष्कार झाला. (याच जाळ्यातून गावोगाव अस्पृश्यांवरही बहिष्कार टाकला जात असे, आणि त्यासाठी कुठल्या अन्यायाची गरज लागत नसे, हत्यार कुणाच्या हातात आहे यावर सगळं असतं.) करड्यात गावकऱ्यांना जमलं याचं कारण सावकार परका होता. बाहेरून आलेला, वेगळ्या जातीचा, गावच्या सोयरिकीत नसलेला. तो एका बाजूला आणि सगळं गाव दुसऱ्या बाजूला, अशी सरळ रेघ ओढता येत होती.

मुळशीत ही रेघ ओढता येत नव्हती. इथला सावकार पुण्याचा ब्राह्मण होता, अनेक ठिकाणी जमिनीचा कागदोपत्री मालकही तोच होता, आणि पुण्यातल्या वर्तमानपत्रांशी, वकिलांशी, पुढाऱ्यांशी त्याचं घरोब्याचं नातं होतं. मावळ्याला पुण्यात बोलायला दुसरं तोंड नव्हतं. कर्जासाठी ज्याच्या ओट्यावर बसायचं, खंड ज्याच्या दारात पोचवायचा, त्याच्याच ओळखीनं सभा भरायची आणि अर्ज लिहून घ्यायचा. आंदोलन सुरू झालं तेव्हा याचा फायदाच झाला. टिळक १९२० च्या ऑगस्टमध्ये गेले होते, असहकाराची हवा होती, आणि एका दुर्गम खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची गोष्ट पाहता पाहता महाराष्ट्रभर गेली. न. चिं. केळकरांपासून शि. म. परांजप्यांपर्यंत नावाजलेली मंडळी तिच्यात आली. कर्जाच्या वाटेनं पुणं मुळशीला जोडलेलं होतं, आणि त्याच वाटेनं चळवळ वर आली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा खोऱ्यात दुमदुमू लागली.

मावळ्यांचे आपसातले धागेही भक्कम होते. एका आडनावाची भावकी चार वाड्यांत पसरलेली. मुलगी दिली-घेतली ती याच खोऱ्यात. भाताची आवणी एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं. रामनवमीसारखा दिवस निवडला गेला हेही मला अर्थपूर्ण वाटतं: चैत्रात शेतं मोकळी असतात, माणसं उत्सवाला जमतातच, आणि जमावाला वेगळं कारण सांगावं लागत नाही. सभांना बंदी असते तेव्हा जत्रा, कीर्तन, अंत्ययात्रा यांचं मोल वाढतं. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८० च्या दशकात दर सोमवारी होणाऱ्या प्रार्थनेचं असंच झालं. पूर्व जर्मनीत सरकारच्या ताब्याबाहेरची जवळजवळ एकच जागा उरली होती, ती चर्च. तिथून बाहेर पडणाऱ्यांची संख्या ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्तर हजारांवर गेली.

मुळशीत मात्र उलट घडलं. गर्दी वाढण्याऐवजी आटत गेली.

रामनवमीच्या सत्याग्रहानंतर थोड्याच दिवसांत कंपनीनं सहा महिने काम थांबवायचं मान्य केलं. गांधीजींनीही 'यंग इंडिया'मधून टाटांना कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलण्याचं आवाहन केलं होतं. विजय झाल्यासारखं वाटलं. पण ते सहा महिने कुठले होते ते पाहा. मे महिन्यापासून पुढचे. सह्याद्रीच्या माथ्यावर जूनपासून पाऊस कोसळायला लागला की पायाचं खोदकाम नाहीतरी चालत नाही. कंपनीनं जे दिलं ते तिच्याकडं फारसं नव्हतंच, असं मला वाटतं. मावळ्याच्या बाजूनं पाहिलं तर हेच महिने त्याच्या वर्षाचे सगळ्यात अडकलेले महिने: राब, पेरणी, आवणी, बेणणी, आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. या काळात कुणाला सभेला बोलवायचं म्हणजे त्याचं वर्ष मागण्यासारखं. पुण्यातला पुढारी बारमाही मोकळा होता, शेतकरी नव्हता. एकाच आंदोलनात दोन पंचांगं चालू होती.

या मोकळ्या वेळात सरकारनं आणि कंपनीनं आपलं काम केलं. भूसंपादन कायद्याची रीत पुढं सरकली आणि मोबदल्याची बोलणी सुरू झाली. मोबदला कुणाशी बोलायचा? अर्थात ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्याशी. इथं त्या चार उत्तरांपैकी पहिलं बाहेर आलं. सावकाराच्या लेखी जमीन म्हणजे गुंतवणूक. तिच्यातून येणारा खंड बेभरवशाचा, वसुलीचा त्रास, कुळं हट्टी. त्याऐवजी रोख रक्कम मिळणार असेल, आणि ओरड केल्यानं ती वाढणार असेल, तर त्याला विरोध इथवरच हवा होता. धरण नको ही मावळ्याची मागणी. भाव जास्त हवा ही सावकाराची. रामनवमीला दोन्ही एकाच तोंडानं बोलल्या गेल्या होत्या. हळूहळू त्या वेगळ्या ऐकू येऊ लागल्या, आणि पुण्यातल्या मालकांनी मोबदल्याची वाट धरली.

सावकारांना शिव्या देऊन हा भाग संपवता येईल, पण त्यानं काही कळणार नाही. ते आपल्या हितसंबंधाला धरून वागले, बस. खरी अडचण त्यांच्यानंतरच्या साखळीत होती. मालकानं पैसे घेतले की कुळाच्या पायाखालची जमीन गेली. त्याची कागदावर नोंद नाही, म्हणून त्याला विचारण्याचा प्रश्न नाही. लहान मालक मावळ्याच्या डोक्यावर कर्ज. मोबदला घेतला तर निदान तेवढं फिटेल, आणि नाही घेतला तर सावकार तगादा लावेल. त्याचा कर्जदाता आणि त्याच्या आंदोलनाचा आश्रयदाता एकाच वाड्यात राहत होता. आणि या सगळ्याच्याही खाली कातकरी होते, ज्यांचं जगणं रानावर आणि नदीवर होतं. भूसंपादनाचा कायदा मालकीची भाषा बोलतो. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला त्या भाषेत बुडायचं कारणही सापडत नाही.

सरकारनं यातल्या प्रत्येकाला वेगळी वागणूक दिली. मालकाला वाटाघाट. कार्यकर्त्याला तुरुंग. कुळाला काहीच नाही. दडपशाही सगळ्यांवर सारखी कोसळली असती तर कदाचित सगळे एकत्र राहिले असते. ती तशी कोसळत नाही. पैसे देऊन जो सुटतो त्याला पैसे दिले जातात, भीतीनं जो बसतो त्याला भीती घातली जाते, आणि उरलेले थोडे तुरुंगात मावतात.

आता पुण्याच्या राजकारणाकडं एक नजर टाकायला हवी, कारण आंदोलनाचं दुसरं टोक तिथं बांधलेलं होतं. टिळकांच्या मागं काँग्रेसमध्ये टिळकपंथी आणि गांधीवादी अशी ओढाताण चालू झाली होती. मुळशी हे दोघांनाही हवं होतं आणि नकोही. टिळकपंथीयांचं सावकार-वकील वर्गाशी जुनं नातं. त्यांचा उत्साह मोबदल्याच्या बोलण्यांबरोबर ओसरला. गांधीवाद्यांमध्ये शंकरराव देवांसारखे तरुण टिकून राहिले. पण १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी असहकार मागं घेतला आणि मार्चमध्ये ते स्वतः तुरुंगात गेले. देशभरातली हवाच उतरली. तिसरीकडं ब्राह्मणेतर चळवळ. मावळ्यांची जात पाहता तीच त्यांची स्वाभाविक जागा ठरायला हवी होती. पण या लढ्याचे पुढारी ब्राह्मण, काँग्रेसवाले आणि पुणेकर. सत्यशोधकांची अर्धी हयात ज्यांच्याशी भांडण्यात गेली त्यांच्याच मांडवात जाऊन बसणं त्यांना जड होतं. मुळशीचा शेतकरी ज्या गटात जन्मला होता त्या गटाची चळवळ त्याच्या पाठीशी पुरती उभी राहिली नाही, आणि जी उभी राहिली ती त्याच्या गटाची नव्हती.

या पोकळीत पांडुरंग महादेव बापट आले. पारनेरचे, १८८० चा जन्म, डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, एडिंबराला शिकायला गेलेले आणि पॅरिसहून बॉम्बची कृती घेऊन परतलेले. पुढं रस्ते झाडण्याचं व्रत घेतलेले. विक्षिप्त वाटावेत इतके सरळ. 'सेनापती' ही त्यांना कायमची चिकटलेली पदवी याच लढ्यातली. दुसऱ्या टप्प्याचे ते पुढारी झाले. सत्याग्रही पुन्हा खोदकामावर बसू लागले, पकडले जाऊ लागले. शि. म. परांजपे यांनाही १९२२ मध्ये याच सत्याग्रहापायी सहा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा ते साठीच्या जवळ होते. पण दिवस जाऊ लागले तसे तुरुंगात जाणाऱ्यांत मावळे कमी आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक जास्त दिसू लागले. ज्याची जमीन बुडणार तो मोबदल्याच्या रांगेत, आणि ज्याची इथं गुंठाभरही जमीन नाही तो कोठडीत. बापटांनी मावळ्यांना याबद्दल दोष दिला असता तर ते नवल नव्हतं. मावळ्यांनी काय करायला हवं होतं, हे सांगणं सोपं आहे. त्यांचं कर्ज कुणी फेडणार होतं का?

गट आटतो तसं आंदोलनाचं रूपही बदलतं. बाराशे माणसं नुसती बसली तरी काम थांबतं. पाच माणसं बसली तर त्यांना उचलून गाडीत घालतात. मग पाच माणसांनी काम थांबवायचं कसं? बापटांच्या मनात अहिंसेबद्दल गांधीजींइतकी पक्की निष्ठा कधीच नव्हती, हे खरं. पण त्यांच्या शेवटच्या कृतीमागं स्वभावाइतकंच हे अंकगणितही होतं. डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे रुळांवर दगड टाकून अडवली. हातात पिस्तूल होतं. पकडले गेले. सात वर्षांची शिक्षा झाली, आणि ती भोगायला त्यांना सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवलं. मुळशीतून शक्य तितकं लांब. ते सुटले १९३१ मध्ये. तोवर भिऱ्याचं वीजघर सुरू होऊन चार वर्षं झाली होती.

सत्याग्रह का फसला यावर गांधीजींनीही मत दिलं होतं: बाधितांपैकी बहुतेकांनी मोबदला घेतला, धरण बरंचसं झालं होतं, आणि पुढारी पूर्ण अहिंसावादी नव्हता. तिसऱ्या कारणावर पुष्कळ चर्चा होते. माझ्या मते पहिलंच कारण बाकीची दोन घेऊन येतं.

आकसलेल्या गटाला बंदुकीखेरीज दुसरी वाट नसते असं मात्र नाही. अर्जेंटिनात लष्करी राजवट असताना ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा बायका ब्यूनोस आयर्सच्या प्लाझा दे मायोत जमल्या. त्यांची मुलं लष्करानं उचलून नेली होती. जमाव करून उभं राहायला बंदी होती. पोलिसांनी 'चालत राहा' म्हणून दरडावलं, तर त्या दोघी-दोघी हातात हात घालून चौकात गोल चालत राहिल्या. आठवड्यामागून आठवडे. आई या नात्यावर लष्कराला उघड हल्ला करणं अवघड गेलं. तरी सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी तिघींना त्यांनी नाहीसं केलंच. चौदा जणींना जमलं ते मुळशीत का जमलं नाही? त्या बायकांचं नुकसान पैशानं मोजण्यासारखं नव्हतं, आणि त्यांच्यापैकी कुणाला वेगळा मोबदला देऊन फोडता येत नव्हतं.

मुळशीनंतर वीस वर्षांनी त्याच इंग्रज सरकारविरुद्ध, मुळशीच्या दक्षिणेला सातारा जिल्ह्यात (तेव्हा आजचा सांगली जिल्हाही त्यातच होता) जे झालं ते शेजारी ठेवून पाहावं. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथं कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले. मोर्चे तिथंच थांबले, चळवळ थांबली नाही. तिनं रूप बदललं. १९४३ पासून पुढं जवळजवळ इंग्रज जाईपर्यंत गावोगाव प्रतिसरकार चाललं: न्यायदान मंडळं, दरोडेखोरांचा बंदोबस्त, दारूबंदी, कमी खर्चाची लग्नं. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड, शेणोलीला लुटलेली रेल्वे, धुळ्याचा खजिना. आणि या सगळ्यांत वावरणारे नाना पाटील, जे १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आले होते.

तलाठी ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. मुळशीत कागद सरकारच्या आणि सावकाराच्या हातात होता. साताऱ्यात कागद वाचता येणारा माणूस शेतकऱ्याच्या घरातून आला. त्याआधीच्या तीस-चाळीस वर्षांत सत्यशोधक जलशांनी, शाळांनी आणि बोर्डिंगांनी एक पिढी घडवली होती. ती गावातच राहत होती, तालमीत घुमत होती, आणि तिची भावकी दहा गावांत पसरलेली होती. भूमिगत कार्यकर्ता रात्री कुणाच्या घरी थांबणार, हे जातीनं, सोयरिकीनं, तालमीच्या ओळखीनं ठरत असे. पोलिसांना खबर देणारा बाहेरचा नसे, शेजारचाच असे, आणि त्याचं काय होईल हेही गावाला ठाऊक असे. तळपायावर मारण्याची शिक्षा आणि तिच्याभोवती पसरलेल्या गोष्टी यांतला धाक नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याच माणसांवर चालणारं राज्य मायाळूच असतं असं कुणी समजू नये. पण या जाळ्याला पुण्याहून येणारा धागा नव्हता. म्हणून तो धागा कापून ते कोसळवता आलं नाही.

त्या जाळ्याचं आयुष्य स्वातंत्र्यानंतरही संपलं नाही. धुळ्याच्या खजिन्यात सामील असलेले वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी पुढं धरणग्रस्तांचे पुढारी झाले. प्रतिसरकारात वाढलेल्या घरांतली पुढची पिढी कोयना आणि कृष्णाकाठच्या धरणग्रस्तांच्या लढ्यात उतरली. 'आधी पुनर्वसन, मग धरण' हे महाराष्ट्रात ठामपणे म्हटलं गेलं ते याच भागातल्या माणसांकडून. आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा देशातला पहिला कायदा याच राज्यात १९७६ मध्ये झाला. मुळशीतल्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता. ती केव्हाच पांगली होती. काही धरणाच्या काठावर वर सरकली, काही मुंबई-पुण्याच्या वाटेला लागली. पांगलेल्या गटाला पुन्हा मागणी करायला आधी पुन्हा गट व्हावं लागतं.

मावळात ९ ऑगस्ट २०११ ला जे झालं ते लोकशाहीतलं. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंदिस्त जलवाहिनी नेण्याच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला आणि काम थांबवावं लागलं. इथं नदीतून पंपानं पाणी उचलणारे मालक-शेतकरी होते, त्यांच्यात पुण्यात राहणारा सावकार नव्हता. शिवाय त्यांच्या मागं पक्ष होते, ज्यांना पुढच्या निवडणुकीत त्याच गावांत मतं मागायची होती. नुसत्या संतापानं जलवाहिनी थांबली असती तर मुळशीचं धरणही थांबलं असतं.

मारुंजीत आज निराळाच सवाल आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, गहुंजे आणि सांगवडे ही सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत हा प्रस्ताव वर्षानुवर्षं वर-खाली होतो आहे. रस्ते, पाणी, कचरा आणि रोजची कोंडी यांना कंटाळलेले आयटीतले रहिवासी ऑनलाइन अर्जावर सह्या गोळा करतात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठराव करतात. जुने गावकरी ग्रामसभा घेतात, कारण महापालिका आली की ग्रामपंचायत जाते, कर बदलतात आणि आरक्षणं पडतात. दोन्ही गटांच्या तक्रारी एकाच रस्त्यावरच्या आहेत. पण एकाच्या हातात सातबारा आहे आणि गावच्या यादीत पिढीजात मत आहे. दुसऱ्यातल्या पुष्कळांच्या हातात अकरा महिन्यांचा भाडेकरार, आणि मत अजून मूळ गावी.